तिसऱ्या लेव्हलची डावी बाजू

६ फेब्रुवारी

मिसातोनं नव्या वर्षाला पाठवलेली ही वही आजवर फ्रिजवर कोरीच पडून होती. लेकीचं म्हणणं, "आई, बाबांवरचा राग मला फोनवर ऐकवत बसण्यापेक्षा लिहून काढत जा." तर आज काढते.

आज यांनी शिरासागीचं मशीन पुन्हा उघडलं. कुरेतल्या आमच्या व्हिडिओ गेमच्या दुकानातली अर्धी मशिनं धड चालत नाहीत. मोटारींच्या गेमचं चाक गेल्या उन्हाळ्यापासून एकीकडे ओढतंय. पण यांचा जीव त्या एकाच मशीनमध्ये. मागची फळी काढून, टॉर्च दातांत धरून, आत डोकं घालून बसले. म्हणे पडद्याचा डावा कोपरा काळवंडत चाललाय, तिकडून येणाऱ्या गोळ्या दिसतच नाहीत.

मी जाऊन पाहिलं. मला तर पडदा चांगला दिसला. शिरासागी, म्हणजे ते पांढरं विमान, बगळ्यासारखी मान काढून उभं, खाली ढग. डावा कोपरा उजव्यासारखाच. तसं सांगितलं तर म्हणाले, "तुला काय कळतंय त्यातलं? कधी खेळली आहेस का?"

खरंय, नाही खेळले. लग्न होऊन या दुकानात आले तेव्हापासून काचा पुसल्या, नोटांची सुटी नाणी करून दिली, शाळा बुडवून आलेल्या पोरांना हाकललं. खेळायला वेळ कुणाला होता?

मग निशिवाकींना बोलावलं. गोदीत वेल्डिंग करायचे, आता निवृत्त. दुकान उघडल्यापासूनचं गिऱ्हाईक, रोज दुपारी हजर. ते एक डाव खेळले, मागं सरकून पडदा न्याहाळला आणि म्हणाले, "मालक, मला तरी ठीक वाटतंय."

"नीट बघ. डावीकडे, वर."

"बघितलं की. झकास आहे."

हे टॉर्च घेऊन पुन्हा मशीनच्या मागे गेले. दुकान बंद करेपर्यंत तिथंच होते.

१९ फेब्रुवारी

ओकायामाचं एक गेम सेंटर बंद झालं, तिथून यांनी पिक्चर ट्यूब आणली. असल्या ट्यूबा आता कुणी बनवत नाही. कुठे दुकान बुडालं की हे व्हॅन घेऊन पोचतात, मयताच्या घरी सामान मागायला गेल्यासारखे. निशिवाकी आणि हे, दोघांनी ती बाळासारखी उचलून आत बसवली. दुपारभर रंग जुळवले. यांचा चेहरा बघण्यासारखा होता.

मग खेळायला बसले. पहिली लेव्हल, दुसरी लेव्हल, नेहमीसारखी डोळे मिटून काढावी तशी काढली. तिसऱ्या लेव्हलला डावीकडून लहान लहान विमानांची एक रांग येते. शाळेची पोरंसुद्धा ती पाडतात. तिथं मेले. दुसऱ्यांदा बसले, तिथंच मेले.

"हीपण तशीच निघाली," म्हणाले.

माझ्या तोंडून गेलं, "वय झालं की हात मंद होतात. त्याला ट्यूब काय करणार?"

निशिवाकी उठून सिगारेट ओढायला बाहेर गेले. हे जॉयस्टिकवरचा हात उघडून बघत राहिले. "हात नाहीत गं मंद झाले," एवढंच म्हणाले.

८ मार्च

निशिवाकी फोन नाचवतच आत आले. शिरासागी पुन्हा बाजारात येतोय. जिनं तो केला ती कंपनी कधीच मोडली, पण ओसाकाच्या एका लहान कंपनीनं हक्क घेतलेत आणि उन्हाळ्यात तो घरच्या टीव्हीवर खेळता येईल असा काढणार आहेत. जसाच्या तसा, एक गोळी इकडची तिकडे न करता.

हे पोरासारखे हरखले. दुकानात होते नव्हते त्या सगळ्यांना कॅनमधली कॉफी पाजली.

मी मात्र गल्ला मोजायला घेतला. पोलादाचा कारखाना बंद झाल्यापासून संध्याकाळी पाळी सुटल्यावर येणारी माणसं संपली. आता उरलेत ते या जुन्या मशिनांपायी. तेच घरी सोफ्यावर बसून खेळता आलं तर कोण येईल इथं? जेवताना तसं बोलले.

"येऊ देत नाही तर न येऊ देत," हे म्हणाले. "मशीन आज ना उद्या मरणार. ट्यूब मरणार, आतला बोर्ड मरणार. गेम मरायला नको."

"त्यात एवढं काय आहे हो?"

जेवायच्या काठ्या खाली ठेवून मला समजावत बसले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी विचारलं असेन. म्हणाले, "हा गेम कधी फसवत नाही. ज्यानं केला त्यानं प्रत्येक वेळी सुटायला जागा ठेवलीय. बोटभर असेल, पण आहे. मेलीस तर तुला कळतं, इथं आपण घाई केली, इथं हाव धरली. आणि दुसऱ्या लेव्हलच्या शेवटी तो समुद्र येतो बघ. तिथं कुणी गोळी झाडत नाही. संगीत हळू होतं. पैसे टाकून आलेल्या माणसाला थोडा वेळ नुसतं पाण्यावरून उडू देतात. कुठला धंदेवाला असं करेल?"

सूप निवून गेलं. मी पुन्हा गरम करून दिलं.

२ एप्रिल

ओसाकाच्या कंपनीतून आराकी नावाची मुलगी आली होती. केस आखूड, पाठीवर यंत्रांची बॅग. चालू अवस्थेतली शिरासागीची मशिनं आता थोडीच उरलीत आणि त्यांना खऱ्या पडद्यावरचे रंग, खरा आवाज नोंदवून घ्यायचा होता. यांनी सकाळपासून काच इतकी पुसली की मला करायला काही उरलंच नाही.

"तुम्हीच खेळून दाखवा ना, हमासाकीसान," ती म्हणाली. "कुरेतले मालक म्हणजे उस्ताद असं ऐकलंय."

हे लाजले, पण बसले. आणि तिसऱ्या लेव्हलला पुन्हा तेच. तिच्यासमोर. "पडद्याचा डावा कोपरा गेलाय," म्हणाले, "तेवढं चित्रणात सांभाळून घ्या."

तिनं कसलंसं यंत्र काचेला लावून तपासलं. "नाही हो, पडदा उत्तम आहे. आतापर्यंत पाहिलेल्यांतला सगळ्यात स्वच्छ." तिला वाटलं यांना बरं वाटेल. यांनी मान हलवली आणि तिच्यासाठी चहा आणायला गेले. जाताना स्टुलाला अडखळले.

मग बाकीचं निशिवाकी खेळले. जाताना तिनं सांगितलं की गेमच्या शेवटी आभाराच्या नावांत आमच्या दुकानाचं नाव येईल. हिबारी, कुरे. हे तिला पार स्टेशनपर्यंत सोडायला गेले.

१४ मे

लोणचं तसंच टाकलं. मी हातानं मुळ्याचं घातलेलं, यांच्या आईच्या पद्धतीनं. ताटात डावीकडे वाटी ठेवली होती, तिला हातसुद्धा लावला नाही. काल पालेभाजी अशीच राहिली. आवडेनासं झालं असेल तर तोंडानं सांगावं. वर सूपचा वाडगा कोपरानं उलटवला आणि मलाच विचारलं, "हा इथं कुणी ठेवला?" रोज जिथं ठेवते तिथंच ठेवला होता.

निशिवाकी म्हणत होते, "वहिनी, मालक हल्ली मान वाकडी करून खेळतात. चिमणी बघते तशी." मान धरली असणार. दिवसभर मशीनमध्ये डोकं घालून बसल्यावर दुसरं काय होणार? औषधाच्या दुकानातून मानेला लावायच्या पट्ट्या आणल्या. लावून घेतल्या मुकाट्यानं.

१७ जून

मासळीवाल्याच्या बायकोनं मला गाठून सांगितलं, "तुमच्या यजमानांना काय झालंय? समोरून गेले, मी वाकून नमस्कार केला, बघितलंसुद्धा नाही. मोठ्या कंपनीची माणसं भेटायला येतात म्हणून का?"

मी माफी मागितली. घरी येऊन यांना बोलले. "मला दिसली नाही ती," म्हणाले. एवढ्या अरुंद गल्लीत एवढी जाड बाई दिसली नाही म्हणे. माणूस इतका हरवलेला बरा नव्हे. उठता बसता डोक्यात तोच गेम.

२५ जुलै

आला एकदाचा. आज दुकानाला सुट्टी, म्हणून दुपारीच बसले. मिसातोनं मागच्या वर्षी घेऊन दिलेला मोठा टीव्ही, त्याला जोडायचं डबडं, दोन कंट्रोलर, सगळं निशिवाकी कालच लावून गेले होते. मी कलिंगड कापून ठेवलं.

मला काही कळत नसलं तरी चित्र सुंदर होतं हे कबूल करते. विमान सुरू झालं आणि तोच आवाज आला, जो मी स्वयंपाक करताना, हिशेब करताना, मिसातोला मांडीवर झोपवतानासुद्धा ऐकत आले. घरात तो आवाज ऐकून विचित्रच वाटलं.

हे ताठ बसले होते. समुद्र आला तेव्हा नेहमीसारखा बटणावरून अंगठा काढला. मग तिसरी लेव्हल. डावीकडून रांग आली आणि यांचं विमान फुटलं.

पुन्हा सुरू केलं. या नव्या गेममध्ये हव्या त्या जागेपासून खेळता येतं. त्याच जागेपासून परत. पुन्हा फुटलं. परत. पुन्हा. किती वेळा केलं कोण जाणे. चेहऱ्यावर काहीच नव्हतं. मग एकदम उठून टीव्हीच्या अगदी जवळ गेले, पडद्यावर तळवा ठेवला, डावीकडून उजवीकडे हळूहळू सरकवला. तसेच उभे राहिले.

"कसा आहे?" मी विचारलं.

"अगदी तसाच आहे," म्हणाले. "काहीच फरक नाही."

कंट्रोलर जागेवर ठेवला आणि बाहेर गच्चीत कपड्यांच्या दोरीखाली जाऊन बसले. कलिंगड खाल्लं नाही. इतक्या महिन्यांचं वाट बघणं आणि शेवटी मन भरलं नाही असं दिसतंय. खरं लिहायचं तर मला जरा बरंच वाटलं. आपल्या मशीनची सर त्याला नाही म्हणायची.

३ ऑगस्ट

निशिवाकी नव्या गेमचं कौतुक करताना थकत नाहीत. "वहिनी, म्हातारपणाची सोय झाली बघा. मालक किती खेळले?" मी म्हटलं, त्या दिवसानंतर हातही लावला नाही. ते म्हणाले, "मला वाटलं होतं ते खूश होतील."

दुकानातलं मशीनही यांनी उघडलेलं नाही. स्क्रू-ड्रायव्हरचा डबा निशिवाकींना देऊन टाकला. व्हॅनची बॅटरी गेली म्हणून ती विकून टाकू म्हणतात. मी विचारलं, बॅटरी बदलता येत नाही का? तर म्हणाले, "आता कुठे जायचंय ट्यूब आणायला?"

एवढा रुसवा एका गेमपायी.

२९ ऑगस्ट

बाजारपेठेच्या मंडळाच्या बैठका फारच वाढल्यात. या महिन्यात तिसऱ्यांदा सकाळीच गेले, इस्त्रीचा शर्ट घालून. आणि फ्रिजमध्ये तोफूच्या मागे डोळ्यांत घालायच्या थेंबांची बाटली सापडली. विचारलं तर म्हणाले, "डोळे कोरडे पडतात." एसीमुळे पडत असतील. मलाही घालून बघावेत का विचारलं, तर बाटली हातातून काढूनच घेतली.

११ सप्टेंबर

आज जे पाहिलं ते लिहून ठेवते, नाहीतर उद्या मला वाटेल की मला भास झाला.

दुपारी नाण्यांचा ट्रे यांच्या हातून सुटला. नाणी चहूकडे. दोन तीन गिऱ्हाईकं होती, त्यांच्यासमोर मी बोलले, "अहो, लक्ष कुठे असतं तुमचं?" हे गुडघ्यावर बसून गोळा करायला लागले. उजवीकडची सगळी वेचली. मग तळहातानं फरशी चाचपत राहिले. डाव्या हाताजवळच नाण्यांचा ढीग पडला होता, दिव्याखाली चकाकत.

"ती काय समोर पडलीत," मी म्हटलं.

"कुठं?"

"तिथंच, हाताशी."

"कुठं गं?"

मी पुढं होऊन ती उचलली. निशिवाकी माझ्याकडे बघत होते. मी त्यांच्याकडे.

नंतर जेवायला मी यांच्या समोर नाही बसले. आवाज न करता डावीकडे जाऊन बसले, हात लांब केला तर खांद्याला लागेल इतकी जवळ. हे जेवत होते. मध्येच मान वर करून स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत म्हणाले, "चिझुको, ये की. निवतंय सगळं."



१२ सप्टेंबर

सकाळी विचारलं. यांनी लपवलं नाही. बैठका म्हणून जायचे ते दवाखान्यातच. वाट बघत होते असंच वाटलं, कुणीतरी विचारायची.

डोळ्यांच्या आतला दाब वाढलाय, काचबिंदू. डावा डोळा जवळजवळ गेलाय. उजव्याचीही नाकाकडची बाजू गेलीय, म्हणून डावीकडचं काहीच दिसत नाही. दुखत नाही, खुपत नाही. अंधारसुद्धा दिसत नाही म्हणाले. नुसतं तिकडं काही नसतं.

"कधी कळलं तुम्हाला?"

"गेम घरी आला त्या दिवशी."

मी चहाचा कप खाली ठेवला.

"ट्यूब बदलली होती. बोर्ड ठीक होता. तरी मी म्हणत राहिलो, जुनं मशीन आहे, काहीतरी असणार. त्या दिवशी टीव्ही नवा, डबडं नवं, सगळं नवं. जुना तेवढा मी. तिसऱ्या लेव्हलला रांग आली नाही आणि मी मेलो. गेम फसवत नाही गं. मग फसवत कोण होतं?"

मग हसले. मला म्हणाले, "किती छान केलाय त्यांनी. खरंच अगदी तसाच."

मी उठून भांडी घासली. स्वच्छ होती ती. मुळ्याचं लोणचं, मासळीवालीचा नमस्कार, मानेच्या पट्ट्या, सगळं एकामागून एक आठवत गेलं. मी यांच्या डावीकडे ठेवत राहिले आणि रागावत राहिले.

२० सप्टेंबर

दवाखान्यात दोघं गेलो. डॉक्टर तरुण आहे, नीट बोलतो. गेलेलं परत येत नाही म्हणाला. थेंबांनी उरलेलं टिकवायचा प्रयत्न करायचा. काहींचं टिकतं, काहींचं तरीही जात राहतं. यांना म्हणाला, "लोकांच्या हे लवकर लक्षात येत नाही."

"माझ्या लक्षात आलं होतं," हे म्हणाले. "मी मशीन दुरुस्त करत बसलो."

डॉक्टरला ते कळलं नाही. येताना बसमध्ये मी यांच्या डाव्या हाताला बसले. आता तिथंच बसायचं असं ठरवलंय.

३१ ऑक्टोबर

यांच्या डोळ्यांपायी आमचं हिबारी आज कायमचं बंद केलं. मिसातो नागोयाहून आली होती. जुनी माणसं कुठून कुठून आली. गोदीतली, कारखान्यातली, एक जण तर लेकराला खांद्यावर घेऊन. शिरासागीपुढे रांग लागली. आराकीनं फुलं पाठवली.

यांना सगळे म्हणत होते, "मालक, एक डाव." हे हात जोडून नाही म्हणाले. मशीनच्या बाजूला उभे राहून ऐकत होते. कोण कुठल्या लेव्हलला आहे ते आवाजावरून कळत असणार, कारण ओठ हलत होते.

शेवटचा डाव निशिवाकींचा. पुष्कळ पुढे गेले. मेल्यावर बराच वेळ उठेनात. मग खिशातून रुमाल काढून काच पुसली, जॉयस्टिक पुसली, आणि यांना म्हणाले, "मालक, येतो मी." रोज म्हणायचे तसंच. हे म्हणाले, "या." तेही रोजच्यासारखंच. मिसातो मात्र आत गेली, रडायला.

एकेका मशीनचं बटण बंद करत गेलो. गोंगाट कमी कमी होत गेला. शेवटी एकट्या शिरासागीचं संगीत उरलं. तेवढं बटण यांनी स्वतः शोधून बंद केलं. मशीन उद्या ओकायामाला जाईल. तिथल्या एका माणसानं जुन्या मशिनांसाठी गोदाम घेतलंय.

६ डिसेंबर

हे दिवसभर रेडिओ लावून बसतात. जेवण झालं की झोपतात. बोललं तर बोलतात. मिसातो फोनवर म्हणते, बाबांना बाहेर ने. कुठं नेऊ? बाजारपेठेत गेलं की पाय आपोआप दुकानाकडे वळतात, आणि तिथं शटर आहे.

आज मीच टीव्ही लावला आणि शिरासागी सुरू केला. कंट्रोलर कसा धरायचा तेही माहीत नव्हतं. पहिल्याच विमानाला धडकून मेले. पुन्हा मेले. हे रेडिओ ऐकत होते. मग रेडिओ बारीक झाला.

"काय चाललंय?"

"खेळतेय."

"हे असं मरणं मी जन्मात ऐकलं नाही. बटण सोडून सोडून का दाबतेस? धरून ठेव."

धरून ठेवलं. थोडी पुढे गेले आणि मेले.

"डोळे कुठे ठेवतेस? आपल्या विमानाकडे नाही बघायचं. गोळ्यांच्या मधल्या जागेकडे बघायचं."

"बोलणं सोपं आहे. दुसरा कंट्रोलर आहे, या की."

रेडिओ बंद झाला. मग चटईवरून चाचपत आले. दोघांच्या खेळात पहिला गडी डावीकडून निघतो, दुसरा उजवीकडून. हे जन्मभर पहिले. आज दुसरा कंट्रोलर उचलला आणि माझ्या उजवीकडे बसले. "डावी बाजू तुझी," म्हणाले. "तिकडून जे येईल ते तू बघायचं. आणि ओरडून सांगायचं."

पहिली लेव्हलसुद्धा पार झाली नाही. पण यांनी भात दोनदा घेतला.

१९ जानेवारी

रोज दुपारी खेळतो. हे मला ओरडतात, "डावीकडे, डावीकडे, झोपलीस काय?" मी म्हणते, "शेजारी ऐकतायत." निशिवाकी कधी मधी येतात, कडू औषध प्यायल्यासारख्या तोंडानं आमचा खेळ बघतात. एकदा म्हणाले, "वहिनी, तुम्ही दुकानात असताना खेळला असतात तर आम्ही सगळे पळून गेलो असतो."

काल पहिल्यांदा समुद्रापर्यंत पोचलो. खरंच कुणी गोळी झाडत नाही. खाली पाणी, त्यावर दोन विमानांच्या सावल्या. यांनी बटणावरून अंगठा काढला, म्हणून मीही काढला.

"बघितलंस?" हे म्हणाले.

"बघितलं."

४ सप्टेंबर

बऱ्याच महिन्यांनी वही उघडली. लिहिण्यासारखं काही घडत नव्हतं आणि ते बरंच होतं. दवाखाना, थेंब, दुपारचा खेळ. उन्हाळ्यात डॉक्टरनं थेंब बदलले. यांना म्हणाला, बघू या. मी त्याच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि त्यानं कागदाकडे.

आज दुपारी चांगलं खेळत होतो. तिसरी लेव्हल आली. डावीकडची रांग आली, ती मी पाडली, सगळीच्या सगळी. "शाबास," हे म्हणाले. मला इतकं बरं वाटलं की हसूच आलं.

मग उजवीकडून एक गोळी निघाली. एकटीच. मोठी, गुलाबी, अगदी संथ. माझ्यासारखीनंही सहज चुकवली असती. यांच्या विमानापुढे सगळी जागा मोकळी होती. मला वाटलं, आता सरकतील, नेहमी शेवटच्या क्षणाला सरकतात. मी यांच्याकडे बघितलं. डोळे उघडे, पडद्यावर लावलेले, चेहरा शांत. अंगठा जागचा हलला नाही. गोळी येऊन लागली.

"कुठून आली गं ती?" यांनी विचारलं.

मी पडद्याकडे बघत म्हटलं, "डावीकडून. माझ्याच बाजूनं. माझं लक्ष नव्हतं."

"लक्ष ठेव की जरा. तुझ्या भरवशावर बसलोय ना मी."

"चुकलं माझं."

"असू दे. कर पुन्हा सुरू."

मी पुन्हा सुरू केलं.